लसणाच्या पाण्यातल्या स्प्रिंगा

माझं लग्न ठरवायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न मला विचारलाच नाही. घरात लसणाचा एवढा वास कशाचा येतोय, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, लोणची घालतोय. तिनं वेळ मारून नेली होती, पण आमच्या वडिलांना ते पटायला हवं ना. ते उठले, आतून काचेचे दोन पेले घेऊन आले, दोन्हींत अ‍ॅसिड ओतलं, एकात आपलं लसणाच्या सालींचं तपकिरी पाणी घातलं आणि दोन्हींत दाढीचं एकेक पातं सोडलं. नुसत्या अ‍ॅसिडमधलं पातं फसफसून काळं पडायला लागलं. दुसऱ्या पेल्यातलं लख्ख राहिलं. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना चहाचा कप हातात धरून हे सगळं बघावं लागलं. लग्न तरीही ठरलं, म्हणजे माणसं चांगलीच असणार.

वडील एका सरकारी कारखान्यात बॉयलर विभागात होते. खुल्या धोरणाचे दिवस आले, कारखान्यात माणसं जास्त झालीत असं एकाएकी वरच्यांच्या लक्षात आलं आणि स्वेच्छानिवृत्तीची टूम निघाली. इच्छा नक्की कुणाची, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्यांपैकी कुणी एसटीडी बूथ टाकला, कुणी गच्चीवर डिश लावून गल्लीला नवी चॅनेलं दाखवायला लागला. वडिलांनी हैदराबादेतच, बालानगरला पत्र्याची एक शेड घेतली आणि तिच्यात अ‍ॅसिडची टाकी बसवली.

काम तसं साधं होतं. लोखंडाला रंग किंवा मुलामा द्यायच्या आधी त्यावरचा गंज आणि काळी खपली अ‍ॅसिडमध्ये बुडवून काढतात. अडचण एवढीच, की गंज कुठं संपतो आणि लोखंड कुठं सुरू होतं, हे अ‍ॅसिडला कळत नाही. म्हणून त्यात एक औषध घालावं लागतं. ते धातूवर पातळ थर धरून बसतं, अ‍ॅसिड गंज खातं आणि लोखंडाला हात लावत नाही. आयात खुली झाल्यावर हे औषध निळ्या ड्रमांतून परदेशातून यायला लागलं होतं. आबिड्सला ऑफिस थाटलेला एक टायवाला एजंट ते विकायला शेडवर आला. वडिलांनी त्याला विचारलं, यात असतं तरी काय. तो हसून म्हणाला की ते कंपनीचं गुपित आहे, तुम्ही फक्त घालायचं.

वडिलांना ते हसणं लागलं. झाडपाल्याच्या अर्कानंही लोखंड वाचतं, हे त्यांनी कारखान्यात असताना कुठंतरी वाचलं होतं. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातली पातेली आईची राहिली नाहीत. आधी कडुनिंब उकळला, मग सीताफळाची पानं, मग मेंदी. मेंदीचं बरं जमलं होतं, पण ती विकत आणावी लागायची. उन्हाळ्यात लोणचीवाल्यांच्या दारात लसणाच्या सालींचे ढीग पडतात ते त्यांनी पाहिले आणि पोती भरभरून फुकटात घरी आणायला सुरुवात केली. लसणाच्या पाण्यानं सगळ्यांना मागं टाकलं. आई म्हणायची, सोन्याचा धूर निघायचा तो लोकांच्या घरातून निघतो, आमच्या घरातून हा निघतो. पण शेजारच्या बायकांना पात्यांचा खेळ दाखवायला तीच बोलवायची.

दोन-तीन वर्षं नळ, पाइप, खिडक्यांचे गज, फाटकं असं सगळं त्या टाकीतून लख्ख होऊन बाहेर पडलं. एजंट पुन्हा एकदा आला तेव्हा वडिलांनी त्याला चहा पाजला, पेले दाखवले आणि यात काय आहे ते खुशाल सांगून टाकलं. तो ज्या चेहऱ्यानं परत गेला, त्याची नक्कल ते आम्हाला महिनाभर करून दाखवत होते. नोकरी गेल्यापासून खाली गेलेली त्यांची मान त्या लसणानं वर केली होती, हे मला आजही नाकारता येत नाही.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली. त्याच सुमाराला शेजारच्या शेडमधला स्प्रिंगवाला आपल्या स्प्रिंगा वडिलांकडे धुवायला टाकायला लागला होता. आमच्या हैदराबादेत झोळी नुसत्या दोरीवर बांधत नाहीत. छताच्या कडीला जाड स्प्रिंग अडकवतात, तिला झोळी लावतात आणि एका बोटानं ओढलं की लेकरू वरखाली झुलत राहतं. तेलुगू घरांत तर ही हमखास असते. वडिलांच्या टाकीतून निघालेल्या स्प्रिंगांवर जस्ताचा मुलामा असा काही बसायचा की स्प्रिंगवाला खूश होता. "चांदी के माफिक दिख रई साब," असं तो म्हणाल्याचं वडिलांनी घरी येऊन सांगितलं, आणि त्यातलीच एक निवडून नातीसाठी आणली.

सव्वा महिन्यानं बारसं ठरलं. सासरची माणसं पुण्याहून आली. सासूबाईंना स्प्रिंगचा पाळणा नवीन होता, त्या दोनदा बोटानं ओढून बघून गेल्या. वडिलांनी सकाळीच तो कडीला लावला होता, आईनं झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. दुपारपर्यंत शेजारच्या बायकांनी खोली भरून गेली.

आमच्याकडे लेकराला पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालतात. त्याला अंघोळ घालायची, कुंकू लावायचं, टोपरं बांधायचं आणि लेकरासारखा निजवायचा. आमचे आजोबा नांदेडकडून निजामाच्या काळात इथं नोकरीला आले, तेव्हापासून आमच्या मराठीत उर्दू शिरली, तेलुगू शिरली, पण हे असलं काही सुटलं नाही. माझी नणंद म्हणाली, वहिनी, उशीर होतोय, बाळ भुकेलंय, हे दगडाचं राहू द्या ना आता. मुलगी माझ्या मांडीवर किंचाळत होती. मलाही मनातून वाटलं, राहू द्यावं. आई मात्र ऐकेना. मग नणंदेनंच हसत हसत वरवंट्याला टोपरं बांधलं, दोन्ही हातांनी उचलून झोळीत ठेवला आणि हलकासा झोका दिला. बायका पाळणा म्हणायला लागल्या.

काडी मोडल्यासारखा एक आवाज आला, बारीक आणि कोरडा. त्यावर दणका. झोळी जमिनीवर पडली होती, वरवंटा तिच्यातून बाहेर घरंगळला होता आणि शहाबादी फरशीला मधोमध तडा गेला होता.

माळेतली फुलं सुटून फरशीवर पडत होती. मुलगी रडायची थांबली होती, का ते देव जाणे. मी तिला इतकी घट्ट धरली होती की आईनं माझी बोटं सोडवली तेव्हा लेकराच्या दंडावर वळ उठले होते. टोपरं तसंच वरवंट्याला बांधलेलं होतं आणि माझी नजर त्याच्यावरून हलत नव्हती. दोन मिनिटांनी तिथं कोण असणार होतं, ते मला स्वच्छ दिसत होतं.

मग एकदम सगळे बोलायला लागले. एक म्हातारी अपशकुन म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, त्या दुकानदाराला आधी धरा. वडिलांनी दगडाकडे बघितलंही नाही. ते स्टुलावर चढले, कडीला लोंबणारा स्प्रिंगचा तुकडा काढला आणि दारात उजेडाला धरला. मी उठून जवळ गेले. चांगली तार मोडताना आधी वाकते, ताणली जाते. ही वाकलीच नव्हती. तुटलेला भाग गुळाच्या ढेपेसारखा खरखरीत, दाणेदार होता. बाहेरून चांदीसारखी चकाकी होती आणि गंजाचा कणही नव्हता.

"दुकानदाराचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "ही माझ्या टाकीतून गेलेली आहे."

त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. नोकरी गेली त्या दिवशीही नाही. ते पाटावर बसले आणि मला हळूहळू सांगायला लागले, जसं काही तिथं दुसरं कुणी नव्हतंच. कारखान्यात मुलामा देणाऱ्यांचा वेगळा विभाग होता. ते लोक स्प्रिंगा अ‍ॅसिडमधून काढल्या की कितीतरी वेळ भट्टीत ठेवायचे. वडील बॉयलरचे माणूस, त्यांचं आयुष्य नळ्यांत गेलं. त्यांना वाटायचं, स्प्रिंगा सुकवत असतील. ते सुकवणं नव्हतं, हे आता तो तुकडा बघून त्यांच्या ध्यानात आलं. अ‍ॅसिड लोखंडाला लागलं की हायड्रोजन वायू निघतो, त्यातला थोडा धातूच्या आत शिरतो, तो बाहेर घालवायला ती भट्टी होती. मऊ लोखंडाला त्याचं काही वाटत नाही, म्हणून पाइपांना आणि फाटकांना कधी काही झालं नाही. कडक पोलादाच्या स्प्रिंगेला मात्र तो आतून ठिसूळ करतो, मग भार घेता घेता ती कधी तुटेल याचा नेम नाही. आणि लसणातल्या ज्या गंधकामुळं लोखंड अ‍ॅसिडपासून वाचत होतं, तेच गंधक वायूला आत ढकलतं, हे त्यांना पुढं एका प्राध्यापकांनी समजावलं. त्या दिवशी त्यांना एवढंच कळलं होतं, की टाकीत लोखंडाचं वजन घटत नाही आणि चकाकी जात नाही म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि आतून पोलाद मरत होतं.

मग ते थांबले आणि म्हणाले, "बाकीच्या कुठं गेल्या?"

तोपर्यंत मी फक्त माझ्या लेकराचा विचार करत होते. ती काही एकटी स्प्रिंग नव्हती. गेल्या काही आठवड्यांत निघालेल्या सगळ्या स्प्रिंगा गावभर कुणाच्या ना कुणाच्या छताला लोंबत होत्या आणि त्या कुणाच्याही घरी आधी वरवंटा निजवला असेल असं नव्हतं. वडील चपला घालून तसेच निघाले. मुलीचं नाव त्या दिवशी ठेवायचं राहिलं. नंतर कधीतरी आईनं तिला मांडीवर घेऊन कानात सांगितलं, तेवढंच.

स्प्रिंगवाल्याचा आधी विश्वासच बसेना. वडिलांनी त्याच्यासमोर शिल्लक स्प्रिंगांना वजनं टांगली. पहिल्या दोन टिकल्या. त्यानं मान हलवली, तेवढ्यात तिसरी तुटली आणि तो मट्कन खाली बसला. सगळा माल बेगम बाजारात एकाच दुकानात गेला होता. तिथला शिल्लक माल दोघांनी त्याच दिवशी उचलून आणला. पण विकल्या गेलेल्या स्प्रिंगा कुणी नेल्या, हे दुकानदाराला कसं माहीत असणार. झोळीची स्प्रिंग घेताना नावगाव कोण सांगतं.

"अब घर घर जाके झोलियां उतारते क्या साब? लोगां मारेंगे," स्प्रिंगवाला म्हणाला.

"हौ, उतारेंगे," वडील म्हणाले. हे मला स्प्रिंगवाल्यानंच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला हसूही आलं नाही.

वडिलांनी दुसऱ्या ठिकाणाहून, त्यांच्या टाकीचं पाणी न लागलेल्या स्प्रिंगा आणल्या आणि पिशवी घेऊन नामपल्लीकडच्या एका बाळंतिणींच्या दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, घरी स्प्रिंगची झोळी आहे का, बेगम बाजारातून घेतली का, फार चकचकीत आहे का. बदलून देतो, फुकट देतो. एक अनोळखी म्हातारा लेकरांच्या झोळ्यांची चौकशी करतोय म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. कुणीतरी पोरं पळवणारा म्हणून ओरडलं, गर्दीनं त्यांची कॉलर धरली आणि एका हवालदारानं त्यांना घरी आणून सोडलं. सदऱ्याचा खिसा फाटला होता. आईनं तो शिवता शिवता म्हटलं, बास झालं आता, आपलं लेकरू वाचलं ना. वडिलांनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं दोरा तोडून सदरा त्यांच्या हातात दिला.

नवरा मला पुण्याला न्यायला आला होता. मी त्याला सांगितलं, थोडे दिवस थांबते. मुलीला कडेवर घेऊन मी वडिलांबरोबर जायला लागले. कडेवर तान्हं लेकरू असलेल्या बाईला कुणी पोरं पळवणारी म्हणत नाही. बायका थांबायच्या, ऐकून घ्यायच्या, पदरानं तोंड झाकायच्या. काही जणी दुसऱ्या दिवशी स्प्रिंग घेऊन यायच्या. वडील त्या शेडवर नेऊन वजन टांगून बघायचे. काही तुटायच्या, काही टिकायच्या. टिकलेल्यांचीच त्यांना जास्त धास्ती वाटायची, कारण आपल्या घरचीही सकाळपासून टिकलीच होती की.

अशातच एका आजीनं सांगितलं, सिकंदराबादेत रेल्वेच्या रुळांमागं माझ्या भाचीची सून बाळंत झालीय, तिच्याकडे अशीच चमकणारी आहे. आम्ही रिक्षा करून गेलो. एक खोली, दाराला पडदा, आत एक तरुण तेलुगू बाई तांदूळ निवडत बसली होती. एका हातानं सुपातले खडे वेचत होती आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीनं झोळी हलवत होती. झोळी भरलेली होती. वरची स्प्रिंग दारातूनही चकाकत होती.

वडिलांनी काहीही विचारलं नाही. चपला न काढता ते आत शिरले आणि त्यांनी झोळीखाली दोन्ही हात धरले. बाई किंचाळून उठली. मी मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगत राहिले, घाबरू नको, लेकराला उचल, आधी उचल. माझ्या कडेवरच्या मुलीकडे बघून की काय, तिनं ऐकलं. लेकरू तिच्या हातात गेलं तेव्हा कुठं वडिलांनी झोळीखालचे हात काढले. झोपेतच होतं बिचारं, तोंडानं चुटूचुटू करत होतं.

मग वडिलांनी झोळी काढून तिथलीच पाण्यानं भरलेली बादली स्प्रिंगेला अडकवली. ती टिकली. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. बाईचा राग परत यायला लागला होता, हे काय वेडे लोक घरात शिरलेत म्हणून. वडील तिला समजावत होते, की स्प्रिंग त्यांनीच धुतली, चूक त्यांची आहे, ही नवी घे. ती ऐकून न घेता पडदा सारून शेजारणीला हाक मारणार, एवढ्यात तोच बारीक, कोरडा आवाज आला. बादली खाली आदळली आणि पाणी सगळ्या खोलीभर, निवडलेल्या तांदळावर गेलं.

ती बाई भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं लेकराला छातीशी दाबलं होतं आणि ती आमच्याकडे बघत नव्हती, रिकाम्या कडीकडे बघत होती. मग तिनं माझ्या मुलीकडे बोट करून विचारलं, ही पडली होती का. वडील म्हणाले, नाही, हिच्या आधी आम्ही झोळीत दगड ठेवला होता, तो पडला. दगड कशाला, तिनं विचारलं. तशी रीत आहे आमच्यात, ते म्हणाले.

"आमच्यात दगड नसतो," ती तेलुगूत म्हणाली. "आम्ही आधी लेकरूच घालतो."

वडिलांनी नवी स्प्रिंग हातात धरली होती. ती घ्यायला तिनं हात पुढं केला नाही, आणि त्यांनीही ती पुन्हा पुढं केली नाही.